शंकाबाईचा अर्ज

८ फेब्रुवारी, शनिवार

कार्यशाळेला एकोणीस जण. गेल्या शनिवारपेक्षा तीन जास्त! चौदा नंबरची खोली दोनदा झाडून घेतली तरी खडूचा धुरळा काही हटत नाही.

नियम नेहमीचाच. फळ्यापाशी विद्यार्थी, खडू त्याच्या हातात. मी खिडकीशी, हात पाठीमागे. ‘हे तर उघडच आहे’ असं जो म्हणेल त्याने ते उघड करून दाखवायचं. आज एकाची चांगलीच फजिती झाली. दहा मिनिटं झगडला आणि शेवटी म्हणाला, उघड होतं सर, पण माझ्या हाताने झाकलं गेलं. सगळे हसले, तोही हसला.

मग शंकाबाई उठली. दुसऱ्या वर्षाची. प्रत्येक वाक्यावर शंका काढते म्हणून पोरांनी हे नाव ठेवलंय, आणि तिची त्याला हरकत नाही. तिने तीच सिद्धता चार ओळींत मांडली. चार! मला आठ लागल्या असत्या. खडू ठेवला, हात झटकले, जागेवर जाऊन बसली. चेहऱ्यावर काही नाही.

सगळे गेल्यावर थांबली. घडी घातलेला कागद पुढे केला. यावर तुमची सही लागते, अठ्ठावीस तारखेपर्यंत कार्यालयात द्यायचाय, म्हणाली. वरची ओळ पाहिली : अभ्यासक्रम सोडण्याचा अर्ज. पुढे वाचायची गरजच काय? मार्क पन्नाशीत रखडलेत. आई-वडील नाहीत, थोरला भाऊ वायरमन. तोच विचारत असणार, गणित शिकून करणार काय? दरवर्षी दोन-तीन जण असेच गळतात. म्हटलं, राहू दे माझ्याकडे, बघू. खणात टाकला.

हे पोर जाऊ द्यायचं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी देवापुढे डोळे मिटले तर तिच्याच चार ओळी समोर. देवाला राग आला नसावा.

गावच्या शाळेत एका खोलीत चार वर्ग बसायचे. गुरुजी चौथीला शिकवत, तोवर आम्ही तिसरीतली पोरं पाटीवर पाढे लिहीत बसायचो. एकदा नवाचा पाढा लिहिता लिहिता दिसलं, अठरा, सत्तावीस, छत्तीस, अंकांची बेरीज दर वेळी नऊच! अंगावर काटा आला होता. आपल्या आधी कुणीतरी हे सगळं नीट लावून ठेवलंय असं वाटलं. चाळीस वर्षं झाली, ते वाटणं गेलेलं नाही. माझी प्रार्थना खरं तर तिथेच सुरू झाली.

ज्याला ते दिसतं, त्याने उठून का जावं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

विभागप्रमुख बाईंना भेटलो. येत्या शनिवारी माजी विद्यार्थ्यांचा परिसंवाद घेतो, गणित शिकून काय काय करता येतं ते मुलांना त्यांच्याच तोंडून कळू दे, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, मागच्या वेळी वक्ते चार होते आणि श्रोते सहा, त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आलेला. पण सभागृह दिलं.

खरं कारण बाईंना सांगितलं नाही. चाळीस मुलांसाठी परिसंवाद, पण डोळ्यांपुढे एकच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वीस फोन. तिघे हो म्हणाले. पुरे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक्केचाळीस आले! मोजले.

विमा कंपनीतली, हवामान खात्यातला आणि रुग्णालयांसाठी वेळापत्रकं बसवून देणारा, तिघेही छान बोलले. विमावाली म्हणाली, मी रोज लोकांच्या आयुष्याचा अंदाज बांधते आणि घरी भात किती लावायचा याचा मात्र रोज चुकतो. मुलं खुलली. मी मागच्या भिंतीशी उभा राहून शंकाबाईच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत होतो. ऐकतेय ना? ऐकत होती.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. हात तिचाच वर.

‘सर, शंका आहे. हे तिघं शेवटपर्यंत टिकलेले. मधूनच सोडून गेले त्यांचं काय झालं? ते इथे नसतील तर हा नमुना एकांगी झाला.’

बाईंनी रुमाल तोंडाशी धरला, हसू लपवायला. आणि मी? पहिल्या वर्षाला नमुना निवडायचं प्रकरण मी शिकवतो. नऊ वर्षं शिकवतोय. जे परत आले त्यांनाच विचारू नका, जे आले नाहीत त्यांना शोधा, हे वाक्य माझंच, फळ्यावर अधोरेखित करून लिहिलेलं. आणि परिसंवाद भरवताना तेच विसरलो.

कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण घरी येताना पाऊल हलकं होतं. असं डोकं घेऊन ही पोरगी सोडून चाललीय! आता तर मुळीच नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कार्यालयातून वीस वर्षांची जुनी रजिस्टरं काढली. कारकून म्हणाला, ‘गेलेल्यांचा पत्ता कोण ठेवतो, सर?’ खरंच कुणी ठेवलेला नाही. त्रेसष्ट जण सोडून गेले. निम्म्यांचे फोन बंद. बाकीच्यांतले बहुतेक ‘कुठून बोलताय?’ ऐकल्यावर ‘कामात आहे’ म्हणाले.

एक तयार झाला. लिफ्ट दुरुस्त करतो. नाव वाचून ओळखीचं वाटलं, चेहरा आठवेना.

दुपारी जिन्यात शंकाबाई. ‘सर, तो अर्ज—’ मी मध्येच म्हटलं, तुझ्याच शंकेचं उत्तर आणतोय, शनिवारी ये, मग बोलू. ती ‘बरं’ म्हणाली. पायरीवर क्षणभर उभी राहिली, मग गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिफ्टवाल्याला भेटून आलो. सात मजली इमारतीच्या गच्चीवर, यंत्राच्या खोलीत. पत्र्याचं दार, आत ग्रीसचा वास, जाड दोर मोठ्या चाकावरून खाली अंधारात गेलेले. पस्तिशीचा असेल. हात काळे म्हणून कोपर पुढे करून नमस्कार केला. दोराला किती ताण येतो ते कोपऱ्यातल्या पाटीवर खडूने मांडलं होतं; आकडेमोड स्वच्छ. मी उगाच पडताळून पाहिली. बरोबर होती!

त्याने चहा मागवला. शनिवारी येतो, म्हणाला. मला म्हणाला, तुम्ही तसेच आहात सर. मी विचारलं नाही, तसेच म्हणजे कसे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज सव्वीसच आले. सोडून गेलेल्याचं ऐकायला कोण येतं?

लिफ्टवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला. बोलायची सवय नाही, पण मुलं हळूहळू पुढे सरकून बसली. दोन लिफ्ट एकत्र कशा चालवल्या म्हणजे लोकांना कमी थांबावं लागतं, ते त्याने फळ्यावर दाखवलं. एकाने विचारलं, सोडल्याचा पस्तावा होतो का? नाही, म्हणाला. मग सहज, हसत हसत पुढे बोलला, ‘फक्त अर्ज लवकर सुटला असता तर बरं झालं असतं. सर महिनाभर सहीच करेनात. थांब, विचार कर, थांब. तोवर तंत्रशाळेचा प्रवेश बंद झाला. वर्षभर गोदामात पेट्या उचलल्या. तेव्हा पोरांनो, सरांकडे अर्ज द्यायचा तर प्रवेश बंद व्हायच्या बऱ्याच आधी द्या.’

सगळे हसले. मनात काही न ठेवता बोलला होता.

शंकाबाई हसली नाही. वळून तिने माझ्याकडे पाहिलं.

कार्यक्रम संपल्यावर ती थांबेल असं वाटलं होतं. थांबली नाही. बरं झालं, असंही वाटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आठवलं. चेहराही आठवला, नुकती मिसरूड फुटलेला. रोज दाराशी यायचा आणि मी रोज त्याला एक नवं उदाहरण सोडवायला द्यायचो. त्यात तो रमेल, थांबेल, असं वाटायचं. तो गेला तेव्हा देवापुढे बसून म्हटलं होतं, मी माझ्याकडून सगळं केलं.

त्याचं एक वर्ष वाया घालवलं मी. पेट्या उचलण्यात.

आज देवापुढे बसलो, पण काही बोललो नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सही करायची हे ठरलं. अठ्ठावीसपर्यंत, कुठल्याही परिस्थितीत. पण तिला न सांगता-समजावता नुसती सही देऊन मोकळं व्हायचं हेही बरोबर नाही. तिच्या भीतीला उत्तर आहे, ते तिला मिळायला हवं.

संध्याकाळी बसून लिहून काढलं. मार्क कसे सुधारता येतील. कुठली शिष्यवृत्ती. भावाशी मी स्वतः बोलेन, वायरमन आहे, त्याला त्याच्याच कामातलं गणित दाखवेन. चार पानं झाली. अक्षर बरं आलंय. हे वाचून ती थांबेल. थांबायलाच हवी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ती आली नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही. चार पानं पिशवीत घेऊन दोन दिवस फिरतोय.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर हिला सगळं सांगितलं. ही औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचते. ताटात भाजी वाढता वाढता ऐकत होती.

‘अहो, दुसऱ्याच्या मुलीचा कागद किती दिवस दाबून ठेवणार?’

म्हटलं, उद्या देणारच आहे. तिला घरून विरोध आहे, पुढे काय याची भीती आहे, तेवढं एकदा बोलून—

‘हे तिने सांगितलं तुम्हाला?’

मी म्हटलं, सांगायला कशाला लागतं, उघडच आहे.

हिने आमटीची वाटी पुढे सरकवली. मीच घास हातात घेऊन बसून राहिलो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचलो. खण उघडला. सहीची जागा शोधायला म्हणून कागद पूर्ण उलगडला, वीस दिवसांत पहिल्यांदा. कारणाच्या रकान्यात तिच्या बारीक अक्षरात दोन वाक्यं :

‘मला गणित येतं. आवडत नाही.’

सही केली.