खाटेवरून दिसणारं घर

सोलापूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. गुरुशांतअण्णास रुद्राणीचे शरणु शरणार्थी, सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. काल अप्पांना घेऊन तुझा कार्टून सिनेमा पाहिला. आपला म्हणणार होते, पण शेवटच्या नावांत लेआउटपुढं एकटा तूच होतास की रे! अप्पा टाळ्या वाजवत होते. मला मात्र खुर्चीतून उठवेना.

चित्रं हलवणारे मागून येतात. त्याआधी दार कुठं, चूल कुठं, माणूस कुठून शिरणार, कॅमेरा किती उंचीवर, हा सगळा लेआउट मी दोन वर्षं अव्वाच्या उशाशी बसून काढला. आजारी अव्वाला सोडून पुण्याला येता येईना, म्हणून तुझ्याकडं पाठवत गेले. नाव तिच्या दोन्ही लेकरांचं येईल, हे फोनवर तूच अव्वाला सांगितलं होतंस. ती गेली आणि तू आयत्या बिळावर नागोबा झालास! लई लागलंय मला.

अप्पांना काही बोलले नाही. रागावले तरी लोभ आहे तो आहेच. उत्तर दे.

तुझी,
रुद्राणी

पुणे, १० फेब्रुवारी

चि. रुद्राणीस अ. उ. आ.

अगं, काम बाहेर दिलं हे कळलं असतं तर माझी नोकरीच गेली असती. नाव शेवटी घरातच राहिलं ना? तुझा राग कायम नाकावर! यंदा गड्ड्याच्या जत्रेला यायचं राहिलं. आलो की नव्या पेठेतून इरकल साडी घेऊन देतो.

एक अडचण आहे. दुसरा भागही मलाच दिलाय. दिग्दर्शकांनी सगळ्यांदेखत विचारलं, की घरातलं प्रत्येक दृश्य इतक्या खालून का दाखवलंय. लोकांना तेच भिडलं म्हणे. मला काही सांगता येईना. तेवढं लगेच कळव. अप्पांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
अण्णा

सोलापूर, १५ फेब्रुवारी

ती. अण्णास शरणु.

तुझं पत्र अप्पांनीच फोडलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाले, त्यांना थेटरातच कळलं होतं. अव्वा पडून असायची त्या खाटेवरून घर असंच दिसायचं. टाळ्या त्यांनी माझ्यासाठी वाजवल्या होत्या.

त्या खाटेवर दोन वर्षांत एकदा जरी टेकला असतास, तर तुला हे मला विचारावं लागलं नसतं. दिग्दर्शकांना ‘मला माहीत नाही’ म्हणून सांग. तेवढं तरी तुझं स्वतःचं असेल.

खाली लोभ असावा असं लिहायला घेतलं होतं. अप्पा नको म्हणाले.

रुद्राणी