शपथेवर घेतलेली मोटारसायकल

बाबा, गेल्या महिन्यात एका सकाळी मी काशिमिऱ्याला जुन्या गाड्यांच्या एका दुकानात मोटारसायकलशेजारी उकिडवा बसलो होतो. हातात सुतळी होती आणि तिचं दुसरं टोक बायकोनं धरलं होतं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी सुतळी टेकवून ताणत पुढे नेली, की पुढचं चाक दोन्ही सुतळ्यांच्या बरोबर मधोमध यायला हवं. ते येत नव्हतं, उजवीकडे सरकलेलं दिसत होतं. दुकानदार मोबाइल खाली ठेवून हसला. "काका, गाडी घेताय की पतंग उडवताय?" बायको म्हणाली, "पतंग कटला तर कटला हो. हिच्यावर मागे मी बसणार आहे."

मग त्यानं ते केलं, ज्यामुळे मी आज तुला हे लिहितोय. गाडीच्या हेडलाइटवर कुंकू होतं, हँडलला सुकलेला झेंडूचा हार होता. त्यानं त्या हाराला हात लावला आणि म्हणाला, "देवाशप्पथ सांगतो काका, ही गाडी आमच्याकडे एकदाही पडलेली नाही." मी उठलो. त्याला काय बोललो ते लिहीत नाही, कारण ते सगळं त्याच्यासाठी नव्हतंच. त्या बिचाऱ्याला कळेना की एवढ्याशा शपथेवर हा टिळा लावलेला माणूस इतका का भडकला. ते सगळं तुझ्यासाठी होतं.

तू होडी कशी घ्यायचास ते मला आठवतं. उत्तनच्या वाळूवर ओढून ठेवलेली जुनी होडी, विकणारा नाखवा शेजारी बिडी ओढतोय, आणि तू त्याच्याशी एक अक्षर न बोलता फळ्यांवर बोटांनी टकटक करत फिरतोयस. टाचणी टोचून लाकूड कुजलंय का बघतोस. आत वाकून वास घेतोस. शेवटी मला हाक मारतोस, मी शाळेच्या खाकी चड्डीत तळाच्या लाकडाशी सुतळीचं एक टोक धरून बसतो आणि तू दुसऱ्या टोकाला एक डोळा मिटून बघतोस. "तळ वाकडा असला तर वरून कितीबी रंग मार," म्हणायचास, "पान्यात गेली की एका बाजूला ओढनारच." नाखव्यानं आई एकवीरेची आण घेतली तरी तू हसायचास. "देवी वर हाय रे, होडीच्या तळात न्हाय." हे तुझंच वाक्य आहे, बाबा. माझं नाही.

आणि हाच तू मोटारसायकल घेताना कुठे गेला होतास? मी दहावीत होतो. शेजारच्या गावातला तो माणूस गाडी घेऊन आला, स्वस्तात देतो म्हणाला. टाकीखालचा काळा रंग नवा होता, बाकी सगळी गाडी जुनी. मला, शाळकरी पोराला ते दिसलं. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे टेकतं तिथलं लोखंड चेपलेलं होतं, तेही दिसलं. मी घरात जाऊन सुतळी घेऊन आलो. तेवढ्यात तो माणूस गावदेवीच्या देवळाच्या पायरीवर जाऊन तळवा टेकवून आला होता. "देवीसमोर सांगतो, माझ्याकडे एकदा पन आडवी झाली न्हाय." तू माझ्या हातातली सुतळी हिसकावून घेतलीस. चार माणसांसमोर माझ्या थोबाडीत मारलीस. "देवीवर दोरी लावतोस? अक्कल हाय का तुला?"

थोबाडीत मारल्याचा राग नाही. त्या काळी सगळेच बाप मारायचे. राग याचा आहे की होडीच्या वेळी तुला अक्कल होती आणि गाडीच्या वेळी तुला लाज वाटली. आपल्यात पायरीवर शब्द टाकला की पुढे तपासायचं नाही, तपासलं तर देवीचा अपमान. समुद्राची तुला भीती होती म्हणून तू होडी तपासायचास. रस्त्याची भीती नव्हती, चार माणसांची होती.

त्याच वर्षी, पाऊस संपून महिनाही झाला नव्हता. घोडबंदरच्या रस्त्यावर ट्रकमागे ब्रेक दाबलास आणि गाडी एका बाजूला ओढली गेली. पुढचं मी लिहिणार नाही. नंतर गॅरेजवाल्यानं सांगितलं, चासी आधीच कधीतरी वाकलेली होती, वेल्डिंग करून वरून रंग मारलेला. गावात सगळे म्हणाले, देवीची इच्छा. तेराव्याला तो माणूसही आला, पानावर बसून व्यवस्थित जेवला. काकांनी त्याला विचारलं तेव्हा तो रडत म्हणाला, "मी खोटी आण घेतली न्हाय. मला तशीच मिळाली होती." आणि ते खरं निघालं, बाबा! त्याच्याकडे ती एकदाही पडली नव्हती. पडली होती त्याच्या आधीच्याकडे. शपथ खरी होती आणि चासी वाकडी होती. देवीला तू साक्षीला उभं केलंस, पण प्रश्नच चुकीचा विचारलास. त्या बिचारीनं काय करायचं होतं?

त्या दिवसापासून आईनं देवीशी अबोला धरला. हे तुला माहीत असायचं कारण नाही. नवरात्रात गावातल्या बायका ओटी घेऊन निघायच्या, आई दारात पाठ करून बसायची. कोणी बोलवायला आली की म्हणायची, "तिला सांग, माजा मानूस पाठव, मग येते." मी एकटा जायचो. अजूनही जातो. तीस-बत्तीस वर्षं मी भांडलेल्या दोन बायकांच्या मधला निरोप्या झालोय. देवळात उभा राहिलो की आईच्या बाजूनं लाज वाटते, घरी आलो की देवीच्या बाजूनं. हे भांडण तू लावून गेलास. दोघींपैकी एकीचीही चूक नव्हती.

आई आता भाईंदरला आमच्याकडे असते. मी जिवंत असेपर्यंत दाराशी दुचाकी नको, एवढंच तिनं एकदा म्हटलं होतं, आणि मी पन्नाशीला आलो तरी बसनं, रिक्षानं फिरलो; गाडी चालवायला शिकलो तीही मित्राची. पण मला नर्मदेची परिक्रमा करायचीय. पायी माझ्या बायकोच्या गुडघ्यांना झेपणार नाही. यात्रा कंपनीची बस आम्ही एकदा करून बघितली. घाटावर हात जोडून डोळे मिटले की ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. आम्हाला वाटेल तिथे वाटेल तेवढं बसायचंय. त्यासाठी लांब जाणारी, जड, दमाची गाडी हवी. नवी परवडत नाही, आणि जुनी म्हटलं की तू येऊन उभा राहतोस.

काशिमिऱ्यानंतर अजून काही गाड्या पाहिल्या. एकाची गाडी मीरा रोडला बिल्डिंगखाली उभी होती, सकाळी सकाळी इंजिनाला हात लावला तर गरम. आधीच चालू करून ठेवलेली, म्हणजे थंड असताना ती कुरकुरते. दुसऱ्या एका गाडीचं सगळं उत्तम होतं, पण मागची सीट इतकी उंच आणि निमुळती की बायको म्हणाली, "हिच्यावर मी नर्मदेला नाही, सरळ वर पोचेन." प्रत्येक वेळी घरी आलो की तुझ्यावर चरफडायचो. ज्या माणसाकडून मी हे सगळं शिकलो, त्याच माणसाला ते एका दिवसापुरतं विसरता आलं.

शेवटी उत्तनला एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ भेटले. पाठीचं दुखणं सुरू झालं म्हणून गाडी काढत होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "ही पडलेली हाय. इगतपुरीच्या घाटात, डाव्या अंगावर. मीच पाडली." मोडका इंडिकेटर आणि वाकलेला लेगगार्ड त्यांनी पिशवीत जपून ठेवले होते, ते समोर टाकले. "इंजिनाला हात लाव. थंड हाय ना? तू येनार म्हनून चालू केली न्हाय." मी चाचरत विचारलं, सुतळी लावून बघू का? ते म्हणाले, "लाव की. पोरगी बघायला आलायस का, लाजतोस कशाला?" सुतळी ताणली. पुढचं चाक दोन्हींच्या बरोबर मध्ये. बायको मागच्या सीटवर बसली ती उतरेचना. त्यांच्या मिसेसनी तिला तिथेच चहा आणून दिला. त्यांनी कोणाची आण घेतली नाही, मी मागितली नाही. गाडी घेतली.

आईची अट मोडली होती, ते लपवायचं नव्हतं म्हणून गाडी घरी आणली तेव्हा तिला लिफ्टनं खाली आणलं. ती गाडीभोवती हळूहळू फिरली. मग तिनं विचारलं, "त्यानं कोनाची शपत घेतली?"

"कोणाची नाही. पडली होती म्हणाला. कुठे पडली तेही दाखवलं."

तिनं मागच्या सीटवर हात ठेवला. मग म्हणाली, "तुज्या बापाला एवढंच पायजे होतं. एक खरं बोलनारा मानूस." मला तेव्हाही राग आला, कारण खरं बोलणारा माणूस तुझ्या पुढ्यात सुतळी घेऊन उभा होता. पण तिला ते बोललो नाही. वर जाताना ती म्हणाली, "घोडबंदरवरनं नको जाऊ."

एवढं लिहून ठेवलं होतं. हे पुढचं आज परत आल्यावर लिहितोय.

परिक्रमा पुढे होईल; आधी आम्ही नर्मदेकाठी ओंकारेश्वरला जाऊन आलो, आणि निघताना घोडबंदरवरूनच गेलो. मुद्दाम. हे कागद शर्टाच्या खिशात घेतले होते. ठरवलं होतं, वरसाव्याचा नाका ओलांडला की तुझ्या अपघाताच्या जागी गाडी थांबवायची, तुला तोंडावर सगळं वाचून दाखवायचं आणि कागद तिथेच टाकून पुढे जायचं. तीस वर्षं मनात ती जागा पक्की होती. पण रस्ता रुंद झालाय, डोंगराच्या कडेला बिल्डिंगा उभ्या राहिल्यात. बायको मागून काहीतरी सांगत होती, गाडी एका रेषेत चालली होती, हातांना कुठेही ओढ जाणवत नव्हती. ठाणं आलं तेव्हा मी भानावर आलो. मागे वळून जाता आलं असतं, वेळ होता. बायकोला मी सांगितलं की जागा सापडली नाही. खरं म्हणजे, बाबा, मी ती शोधलीच नाही.