गळालेलं शिंग

बाबा, बोरिवलीच्या काकू तुम्हाला आठवत असतील. दर दिवाळीआधी सतार घेऊन मुलुंडला यायच्या, घोडी घासून सुराला गुंजन आणणारी जवारी तुमच्याच हातची हवी म्हणून दुकानातल्या बाकावर दुपारभर बसून राहायच्या. त्या अजून येतात. गुडघे गेलेत, रिक्षातून उतरताना हात द्यावा लागतो. गेल्या उन्हाळ्यात आल्या तेव्हा सतारीबरोबर जुन्या चादरीत बांधलेलं एक बोचकं होतं. सोडलं तर आत सांबराच्या शिंगांची जोडी. सासरच्या घरातली आहेत म्हणाल्या, आजेसासऱ्यांच्या वेळची. घर रिडेव्हलपमेंटला गेलं तेव्हा भिंतीवरून उतरवली, नाहीतर डेब्रिजमध्येच गेली असती. त्यातून सतारीला नवी घोडी करून हवी होती. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी मी हल्ली सगळ्यांना कृत्रिम बसवते, प्लास्टिकच्याच जातीची. काकूंच्या मते तिचा आवाज घासून ठेवलेल्या भांड्यासारखा येतो. "जनावर मरून शंभर वर्षं झाली गं," त्या म्हणाल्या. "आता कुणाचं काय बिघडणार आहे?"

सांबराचं शिंग विकणं-कापणं कायद्यात बसत नाही ते मला माहीत आहे, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेली वस्तू कचऱ्यात जाण्यापेक्षा तिच्यातून सूर निघावा, असंही मला कितीदा वाटलेलं आहे. पण त्या शिंगांचा रंग मला पटेना. भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेल्या वस्तूची भिंतीकडची बाजू वेगळी राहते. ही चहूबाजूंनी सारखी तपकिरी होती. ओलं फडकं फिरवलं तर फडक्याला रंग लागला, आणि फडक्याला वास चहाचा, जुनं दिसावं म्हणून चढवलेल्या. मग मी ती उलटी करून बूड पाहिलं. हे तुम्हीच शिकवलेलं. सांबर दरवर्षी शिंग गाळतं. आपोआप गळालेल्या शिंगाच्या बुडाशी गाठीगाठींचं कडं असतं आणि त्याखाली खडबडीत, गोलसर फुगवटा. जनावर मारून काढलेलं असेल तर कड्याखाली कवटीचं हाड येतं, किंवा करवतीचा काप. या जोडीला हाड होतं, आणि हाडाच्या खाचेत अजून काहीतरी काळपट, सुकलेलं चिकटलेलं होतं.

मी काकूंना विचारलं, ही ज्या फळीवर बसवलेली होती ती फळी कुठाय? सुतारानं नेली म्हणाल्या. मग म्हणाल्या, सासरची नव्हेत, मिस्टरांच्या एका मित्राकडची. चहा झाला तेव्हा निघालं की जोगेश्वरीच्या एका जुन्या फर्निचरवाल्यानं दिली, त्यानं मुलाची शपथ घेऊन जुन्या बंगल्यातली म्हणून सांगितलं. त्या खोटं बोलत होत्या की त्यांनाच कुणी फसवलं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही थोडंथोडं असावं. मी नाही म्हटलं. मला हे कापायचं नाही, तुम्हीही घरात ठेवू नका, म्हटलं. त्यांनी शांतपणे बोचकं बांधलं. पायरीवर थांबून म्हणाल्या, "तुझे बाबा असे प्रश्न विचारत नसत."

त्या गेल्या, आणि ते वाक्य दुकानात राहिलं. खरंच नसत का विचारत? मला तो गोणपाटाची पिशवी घेऊन येणारा माणूस आठवतो. तो आला की तुम्ही मला घरी पिटाळायचात, आईला चहा टाकायला सांग म्हणून. पिशवीतली शिंगं कधीच अख्खी नसायची, मुळ्याचे तुकडे करावेत तशी कापून आणलेली. रविवारी तुम्ही स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून कानस चालवता आहात, केस जळल्यासारखा वास घरभर पसरलाय, आई आमटी झाकून खिडकी उघडते आहे. मी एक तुकडा फिरवून बघते आणि विचारते, बाबा, याचं बूड कुठाय? बूड पाहायला तुम्ही मला नुकतंच शिकवलेलं असतं, म्हणून मी जरा ऐटीतच विचारते. तुम्ही कानस खाली ठेवता. आवाज चढवत नाही. "हातातलं काम बघ," तुम्ही म्हणता. "प्रत्येक वस्तूचं कूळ काढत बसलीस तर हातून काही होणार नाही." आई माझ्याकडे न बघता पोळी उलटते.

तुम्ही गेल्यावर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतले तुकडे मी बरीच वर्षं वापरले. गिऱ्हाइकाला सांगायचे, वडिलांचा जुना साठा आहे, गळालेल्या शिंगांचा. सांगताना मला बरं वाटायचं. काकू गेल्या त्या संध्याकाळी मी पेटी उतरवली आणि उरलेला एकेक तुकडा ट्यूबलाइटखाली धरला. एकालाही बूड नाही. त्यानं काही सिद्ध होत नाही, मला कळतं. बूड कामाचं नसतं, गाठाळ निघतं, विकणारा ते आधीच कापून टाकत असेल. पण कापून आणायला तुम्हीच सांगितलं नसेल कशावरून? घोडीवर केसाइतका उंचवटा राहिला तर तो तुम्हाला पलीकडच्या खोलीतून ऐकू यायचा. त्याच तुम्हाला त्या पिशवीकडे एकदा नीट बघता आलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. मग वाटतं, मी कोण तुमची उलटतपासणी घेणारी? घरभाडं, माझी फी, सगळं त्याच कानशीतून आलं. आणि लगेच वाटतं, हे असं वाटणंसुद्धा सोयीचंच आहे.

पेटी मी वनखात्याच्या कचेरीत नेऊन दिली. तिथल्या बाईंनी कुणाची म्हणून विचारलं, मी वडिलांची म्हटलं. बाईंनी पुढे विचारलं, त्यांना माहीत होतं का, ही शिंगं कुठून यायची? माझ्याकडे दोन्ही उत्तरं तयार होती, बाबा, एक तुम्हाला वाचवणारं आणि एक मला. मी माहीत नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पेटी ओढून घेतली.

काकूंनी शेवटी त्याच शिंगांची घोडी दुसरीकडून करून घेतली. कुणाकडून ते त्यांनी सांगितलं नाही. परवा त्यांनी घरी छोटी बैठक ठेवली होती, मलाही आवर्जून फोन केला. चिडवायला बोलावलं की समेट करायला, हा विचार करत मी बोरिवलीला गेले. मुद्दाम पुढे बसले. घोडीचं काम कच्चं होतं, कडेला कानशीचे ओरखडे तसेच होते. सूर फाटावा, अशी मी मनातून वाट बघत होते. काकूंनी षड्ज लावला आणि तो थांबेचना. खोलीत भरून राहिला, विरताना आणखी गोड होत गेला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. निघताना त्यांनी विचारलं, कसं वाटलं गं?

तुम्हाला लिहून काय होणार, पाठवायला पत्ताही नाही. माझ्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर आता येणार नाही, आणि आलं असतं तरी मी ते पारखूनच घेतलं असतं. पण काकूंना त्या दारात मी जे सांगितलं ते घरी कुणाला बोलले नाही, ते तुम्हाला सांगते. मी म्हटलं, खूप सुरेख वाजतंय. ते खरं होतं.