साहेबांनी शोधलेल्या वाटेबाबत

प्रति,
मा. संचालक,
जुने मार्ग जतन कार्यालय.

विषय : खिंडीच्या तोंडाशी लावलेल्या चुकीच्या फलकाबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

अर्जदार ही सदर खिंडीतून एकतीस वर्षे टपाल वाहून निवृत्त झालेली बाई आहे. आपल्या फलकानुसार ही वाट एका मोजणीसाहेबांनी 'शोधली'. साहेब येण्यापूर्वी कित्येक पिढ्या मीठवाले, सुइणी आणि नवऱ्याशी भांडून माहेरी निघालेल्या बायका याच वाटेने जात होत्या. त्यांना ती हरवलेली आढळली नव्हती.

साहेबांनी काय शोधले, ते त्यांच्याच रोजनिशीत आहे. ती आपल्याच संग्रहालयात काचेखाली ठेवली आहे. वाचण्याची तसदी कोणी घेतलेली दिसत नाही. माझी पणजी त्यांची वाटाडी होती. "डावीकडे घळ आहे, बर्फानं झाकलीय," असे तिने बजावूनही साहेब नकाशावर विसंबून डावीकडे गेले, कमरेएवढ्या बर्फात रुतले आणि रडू लागले. पणजी म्हणाली, "साहेब, रडायचं तर पलीकडे उतरल्यावर रडा. इथं बसलात तर गोठाल." तिने त्यांना खेचराला बांधून पलीकडे उतरवले. मागे राहिलेल्या त्यांच्या आचाऱ्यासाठी ती एकटी परत गेली आणि त्याला घेऊन आली. त्यात तिच्या पायाची तीन बोटे गेली. साहेबांना पदक मिळाले.

एवढ्यावर मी गप्प बसलेही असते. आमच्या घराला सवय आहे. परंतु आपल्या विद्वान समितीने फलकावर साहेबांचा तो डावीकडचा मार्गच लाल रेषेने काढला आहे. गेल्या मंगळवारी एक जोडपे त्या रेषेप्रमाणे गेले व घळीत पडले. मी आणि माझ्या धाकट्या भावाने दोर टाकून त्यांना वर घेतले. बाईंचे मनगट मोडले होते. नवरा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण फलकावर तर असंच दाखवलंय हो."

बुधवारी आपल्या कार्यालयात आले असता लिपिकांनी मान वर न करता सांगितले, "फलक मंजूर आहे. घळ मंजूर नकाशात नाही."

सबब, आज सकाळी आम्ही बहीणभावाने डावी वाट दगड रचून बंद केली आहे. हा अर्ज परवानगीसाठी नाही. फक्त पोच द्यावी.

आपली, होता होईल तितकी नम्र,
(सही)
खिंडीतली टपालवाली
दि. १४ मार्च

सोबत : फलक, एक नग, खांबासह (आपल्या व्हरांड्यात ठेवला आहे).