पोच घ्यायला विसरू नका

सोमवार, ३ मार्च

ती. स्व. मामांना,
सा. न. वि. वि.

एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही, म्हणून तो पहिल्याच ओळीत टाकते. माझ्या ब्लॉगचे वाचक वाढले आणि त्यामुळे तुमच्या टेबलासमोरची माणसं कमी झाली, तर मी चांगलं काम करते आहे की वाईट?

फोनवर विचारणार होते. पण फोनवर तुम्ही 'जेवलीस का' एवढंच विचारता आणि मी उत्तर देईपर्यंत फोन मामीच्या हातात असतो. कागद समोर आला की मात्र तुम्ही मोकळे होता. उगाच का अख्खं गाव कचेरीच्या फाटकाशी येऊन तुमच्याकडून अर्ज भरून घेतं!

ब्लॉगचं नाव 'पोच' ठेवलंय, हे आईनं सांगितलं असेलच. एका लेखात एकच अर्ज. जन्मदाखला, विजेची जोडणी, पेन्शन, दुकानाचा परवाना. मी स्वतः रांगेत उभी राहते, कोणत्या खिडकीवर काय मागतात ते बघते, कारकून कुठल्या कारणानं कागद परत करतो ते विचारते आणि सगळं साध्या भाषेत लिहिते. प्रत्येक लेखाची शेवटची ओळ ठरलेली: अर्ज दिला की पोच घ्यायला विसरू नका. कॉलेजात माझा शिष्यवृत्तीचा अर्ज पोचेवाचून कपाटात पडून राहिला होता. तेव्हापासून ही ओळ डोक्यात घट्ट बसली आहे.

सुरुवातीला वाचक म्हणजे आई, माझी मैत्रीण आणि मी. मग माझ्या लक्षात आलं की मी मथळा देत होते 'नावदुरुस्तीची कार्यपद्धती', आणि लोक शोधत होते 'दाखल्यावर नाव चुकलंय, आता काय करू'. मी मथळे लोकांच्या तोंडचे केले. खाली येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायला लागले. नियम बदलला की जुना लेख त्याच दिवशी दुरुस्त करायला लागले. आता रोज सकाळी शिकवणी घ्यायला जाण्याआधी वाचकांचा आकडा बघते तेव्हा मलाच खरं वाटत नाही. बाजूला जाहिरातींच्या पट्ट्या येतात, त्यातून इंटरनेटचं बिल सुटतं. ब्लॉगवर पोट चालवायचं मी मनात पक्कं केलंय, पण अजून ते बरंच लांब आहे.

परवा एकानं कौतुकानं लिहिलं की तुमच्यामुळे फाटकावरच्या टेबलवाल्याला पैसे द्यावे लागले नाहीत. आधी मला आनंद झाला. मग त्या टेबलवाल्याच्या जागी तुम्ही दिसलात.

खरं काय ते लिहा. लोभ आहेच, तो या प्रश्नानं आटू देऊ नका.

तुमची भाची


रविवार, ९ मार्च

चि. बॅरिस्टरीणबाईंना,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. घराण्यातली पहिली पदवीधर मुलगी मामाला न्यायनिवाडा मागते, म्हणून माझी छाती फुगली होती. मामी म्हणाली, फुगवा, पण आधी शर्टाचं बटण लावून घ्या.

माझ्या टेबलाची काळजी तू करू नकोस. टाइपरायटर गेला तेव्हा लोक म्हणाले की हा बुडाला. कॉम्प्युटर आला तेव्हाही म्हणाले. म्हणणारे निवृत्त होऊन घरी बसले, मी अजून फाटकाशी आहे. धंदा उत्तम चाललाय.

तुझा ब्लॉग शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं त्याच्या फोनवर दाखवला. अक्षर बारीक, पण भाषा स्वच्छ. परवान्याच्या अर्जातला सातवा रकाना तू समजावलास तसा मलाही कधी जमला नाही. पण बाई, रागावू नकोस, धंदा तुला अजिबात येत नाही. तू सगळंच सांगून टाकतेस!

नीट ऐक, हे मी कुणाला शिकवत नाही. शेवटची पायरी कधी सांगायची नसते. मी अर्ज सुंदर भरून देतो, तिकीट लावून देतो, खिडकी दाखवतो. पोच घ्या, एवढं मात्र म्हणत नाही. महिन्यानं माणूस परत येतो, की साहेब, कागद हलेना. मी विचारतो, पोच घेतली होती का? त्याचा चेहरा पडतो. मग मी आत जाऊन ती आणून देतो आणि त्याचे वेगळे घेतो. यात फसवणूक काही नाही. डॉक्टरसुद्धा आठ दिवसांनी दाखवायला या म्हणतोच की.

तेव्हा तू ती शेवटची ओळ काढून टाक. वाचक परत परत येतील. परत आले की तुझ्या त्या पट्ट्या परत परत बघतील. मामाचा सल्ला, फी माफ.

आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला थोडे जास्त, कारण सल्ला कडू आहे.

तुझा मामा

ता. क. मी मामी. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी. टेबल हल्ली दुपारीच घडी होऊन घरी येतं. विचारलं तर म्हणतात, ऊन लागतं. इतकी वर्षं कधी लागलं नव्हतं. मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.


बुधवार, १९ मार्च

ती. स्व. मामांना,
सा. न. वि. वि.

सल्ला मिळाला. फी माफ केलीत ते बरं झालं, कारण मी तो मानणार नाही.

तुमची युक्ती तुमच्या जागी चालली, कारण फाटक एकच आणि टेबलं मोजकी. माझा वाचक परत येतो तो काम अडलं म्हणून नाही, झालं म्हणून. ज्याचं पेन्शनचं काम झालं तो बहिणीला विजेच्या जोडणीसाठी माझ्याकडे पाठवतो. आणि सगळ्यांत जास्त आभार कशाचे येतात ठाऊक आहे? त्या पोचेच्या ओळीचे. मामा, तुम्ही जी पायरी झाकून ठेवता, तिच्यावरच माझा सगळा डोलारा उभा आहे. मी ती काढणार नाही.

आता खरी बातमी. एका कंपनीचं पत्र आलं, मग त्यांच्या बाईंनी भेटायला बोलावलं. काचेचं ऑफिस, खुर्ची अशी की बसलं की मागेच जावं. ती कंपनी लोकांचे अर्ज पैसे घेऊन भरून देते. त्यांनी माझे सगळे लेख वाचले होते, पेन्शनच्या लेखातली वाक्यं बाईंना तोंडपाठ होती. त्या मला दरमहा जे देऊ म्हणतात ते माझ्या शिकवणीच्या पगाराच्या तिप्पट आहे. लेख माझेच राहणार, नाव माझंच राहणार. अट एवढीच की प्रत्येक लेखातली शेवटची पायरी काढायची आणि त्या जागी त्यांचं बटण ठेवायचं: पुढचं आम्ही करून देतो.

घरी येताना बसमध्ये मी हसत होते. शेजारची बाई दचकून सरकून बसली. तिला काय सांगणार, की काचेच्या ऑफिसात इतकी माणसं डोकं लावतात आणि निघतं काय, तर माझ्या मामाची युक्ती!

पण घरी पोचल्यावर हसू गेलं. तेवढे पैसे आले तर शिकवणी सोडून पूर्ण वेळ हेच करता येईल. बाबा आठवड्यातून एकदा तरी फोनवर विचारतात की या लिहिण्याचं पुढं काय. त्यांना ठोस उत्तर देता येईल. महिनाअखेर कळवायचं आहे.

आणि मामा, धंदा उत्तम चाललाय असं तुम्ही लिहिलंत. उन्हाळा सुरू झालाय, दुपारी बाहेर बसवतं ना? सहज विचारते.

मामीला नमस्कार. तुमची माया कमी झाली तरी मी दुपटीनं वसूल करीन.

तुमची भाची


मंगळवार, २५ मार्च

चि. बॅरिस्टरला,
अनेक आशीर्वाद.

ऊन लागत नाही. मामीनं काय लिहिलं ते मला कळलंय. पाकीट चिकटवायला तिला एवढा वेळ कधी लागत नाही.

बरं, लपवण्यात अर्थ नाही. माणसं कमी झाली आहेत. बरेच जण तुझ्या पानाची प्रत काढून आणतात, झेरॉक्सवाल्याची चंगळ आहे. माझ्यासमोरून जातात, नमस्कार करतात आणि थेट खिडकीवर. पण यात तुझा दोष नाही, आणि असला तरी त्याचा जाब तुझ्याकडे मागायला मी काही परका नाही.

कंपनीचं वाचून मीही आधी हसलो. माझीच युक्ती, सुटाबुटात! मग दिवसभर हसू आलं नाही. मी एका वेळी एकाला अडवत होतो, आणि त्याचं तोंड मला बघावं लागत होतं. हे लोक बसल्या जागी सगळ्यांना अडवणार आणि त्यांना तोंडही बघावं लागणार नाही. त्यांच्या तोंडी ती युक्ती ऐकली आणि मला ती आवडेनाशी झाली. तुला सल्ला देताना फार हुशारी वाटली होती.

एक गंमत सांगतो. शुक्रवारी एक म्हातारा गवंडी आला, हातात तुझ्या पेन्शनच्या लेखाची प्रत. वाचता येतं का विचारलं तर त्यानं मलाच अर्धं पान वाचून दाखवलं. मग माझ्याकडे कशाला आलात, असं विचारलं. तर म्हणाला की सगळं समजलंय, पण पहिल्या रकान्यात पेन टेकवलं की हात थरथरतो, शेजारी बसा. मी बसलो. तो लिहीत गेला, मी 'हं' म्हणत गेलो. शेवटी त्यानं पोचेच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती खिडकी कुठं म्हणून विचारलं. काय करतो? हात धरून घेऊन गेलो. मी काहीच केलं नाही म्हणून पैसे नको म्हणालो, तर तो माझ्यावर रागावला आणि टेबलावर ठेवून गेला.

तरीसुद्धा तू सही कर. पैसा खरा आहे आणि तुझं वय कमवायचं आहे. माझ्या टेबलासाठी थांबलीस तर मला ते ओझं होईल. टेबल काय, घडी होतं.

आशीर्वाद आहेतच. ते मात्र घडी करून ठेवलेले नाहीत.

तुझा मामा

ता. क. मी मामी. पाकीट आज त्यांनीच चिकटवायचं ठरवलं होतं. डिंक सापडला नाही. तो माझ्याकडे होता. तू सही कर म्हणून लिहिलंय, पण लिहून झाल्यावर घडी केलेलं टेबल त्यांनी उघडलं आणि फडक्यानं पुसून ठेवलं.


सोमवार, २८ एप्रिल

ती. स्व. मामांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तुमचं ऐकलं नाही. कंपनीला मार्चअखेरीसच नकार कळवला. त्या बाईंनी फोन करून विचारलं की दुसरीकडून जास्त मिळतात का. मी म्हटलं, कमी मिळतात. त्यांना वाटलं मी थट्टा करते.

पण नुसता नकार देऊन मी बसले नाही. तो गवंडी माझ्या डोक्यातून जाईना. माझं पान त्याला समजलं होतं, तरी त्याला शेजारी माणूस हवा होता आणि त्याचे पैसे तो रागावून द्यायला तयार होता. पान वाचून ज्यांचा हात थरथरतो त्यांना मी इतके दिवस काय देत होते? काहीच नाही.

म्हणून मी इथल्या कचेरीच्या फाटकाशी गेले. तिथंही टेबलं आहेत. एक बाई बसतात, डोळ्यांवर जाड चष्मा, पायाशी पाण्याची बाटली. मी 'पोच'चं नाव काढताच त्या म्हणाल्या की ते लिहिणाऱ्या भवानीला एकदा त्यांना समोर बघायचंय. मी म्हटलं, बघा. पुढं बराच वेळ त्या बोलल्या आणि मी ऐकून घेतलं, मग त्यांनीच स्टूल पुढं केलं. मी त्यांना सांगितलं की ब्लॉगवर एक नवं पान करते आहे, शेजारी बसून अर्ज भरायला मदत करणाऱ्यांचं. कुठल्या फाटकाशी, किती वाजेपर्यंत, दर काय, सगळं उघड. त्या पानावर यायची वर्षाची थोडी फी. अट एकच: पोच हातात पडेपर्यंत सोबत जायचं, त्याचे वेगळे घ्यायचे नाहीत. त्या म्हणाल्या, त्याचेच तर मी वेगळे घेते. त्याही तुमच्याच पंथातल्या निघाल्या. मग पैसे काढून दिले आणि माझ्याकडे पोच मागितली. माझ्याकडे पावतीपुस्तक नव्हतं! साध्या कागदावर लिहून दिली तेव्हा कुठं मला उठू दिलं.

त्यांचं बघून फाटकावरचे बाकीचेही आले. एक आजोबा मात्र मान हलवून उठून गेले, त्यांना नाही पटलं. पान सुरू झाल्यावर दुसऱ्या गावांमधून विचारणा यायला लागली, आणि मी प्रत्येकाशी स्वतः बोलते. कंपनीच्या आकड्याजवळ हे अजून जात नाही. पण पट्ट्या आणि ही फी मिळून माझ्या खोलीचं भाडं निघतं, म्हणून मी शिकवणीची सकाळची वेळ सोडून दिली. त्या वेळात रांगेत उभी राहते. घरी जाऊन बाबांना हिशेब दाखवला. ते म्हणाले, म्हणजे आता लोक तुला काम करायचे पैसे देतात तर. मी हो म्हटलं. त्यांनी तेच वाक्य शेजाऱ्यांना जाऊन सांगितलं.

आता तुमच्याबद्दल. पहिल्या पत्रात मी विचारलं होतं की हे चांगलं की वाईट. त्याचं उत्तर मला अजूनही येत नाही, पण ते येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही. त्या पानावर सगळ्यांत वर तुमचं टेबल आहे. तुम्हाला न विचारता टाकलंय. दर तुम्ही घेता त्यापेक्षा जरा जास्त लिहिलाय, कारण शेजारी बसणं हे काम आहे आणि गवंडीबाबांनी ते ओळखलं. फी घेतलेली नाही. तुम्ही सल्ल्याची माफ केलीत, मी याची. अट मात्र माफ नाही. तुमच्या नावाखाली स्पष्ट लिहिलंय की हे पोच मिळेपर्यंत बरोबर येतात. वेळ लिहिली आहे संध्याकाळी पाचपर्यंत. तुमचं नाव काल रात्री टाकलं आणि आज सकाळी एका बाईंनी विचारलंय की गुरुवारी दुपारी तीनला आलं तर टेबलवाले काका भेटतील का. मी त्यांना हो कळवून टाकलं.

नव्या पानाच्या पहिल्या पैशांतून तुमच्यासाठी एक मोठी छत्री घेतली आहे. टेबलाच्या पायाला बांधता येते, खाली दोन खुर्च्यांवर सावली पडेल एवढी. पार्सल आजच गेलं. मामीला सांगा, ऊन आता लागणार नाही.

माया होती तशीच असू द्या. छत्री मिळाली की पोच द्यायला विसरू नका.

तुमची बॅरिस्टर