नकाशावरची आपली विहीर

दादा, आपली विहीर नकाशावर लाल आली आहे.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. दुसरं आहे कोण? शेताचा उतार, मातीची जात, पाऊस, कपाशीवर कोणतं औषध कधी मारलं, हे सगळं संगणकाला पुरवायचं, असं माझं काम. मग पावसाच्या पाण्याबरोबर ते औषध वाहत जाऊन कुठं साचेल, याचा अंदाज तो रंगांनी दाखवतो; लाल म्हणजे सगळ्यात जास्त. जालन्याच्या ऑफिसात हे मी एकटीच करते. आपल्या गावाची पाळी आली तेव्हा मी उतार पुन्हा तपासला, पाऊस कमी करून पाहिला. विहीर लालच. चारी बाजूंची कपाशी तिच्याकडेच उतरते. शेवटी पाणीही तपासून आणलं. संगणक खोटा ठरला असता तर मी पेढे वाटले असते.

तुमचा त्या पाण्यावर केवढा जीव! कॉलेजातून पहिल्यांदा घरी आले, तेव्हा लेकीच्या पिशवीत पाण्याची बाटली दिसली आणि तुमचा घास हातातच राहिला. "आपल्या हिरीला काय झालं? इकत घेऊन प्यायला लागली व्हय?" मग दिवसभर अबोला. निघताना मात्र तीच बाटली विहिरीच्या पाण्यानं भरून तुम्ही माझ्या हातात दिलीत, आणि वाटूर फाट्यावर एसटी हलेपर्यंत उभे राहिलात. त्याच विहिरीच्या काठावर तुम्ही फवारणीचा पंप धुवायचात. सगळेच धुवायचे, पाणी जवळ होतं म्हणून.

मागच्या आठवड्यात मी गावात सांगितलं, हे पाणी पिऊ नका. लोकांनी ऐकलं, घरोघर जार आले. आईनं ऐकलं नाही. वस्तीवर ती एकटीच असते.

"जार तू आणून दिला, बराबर हाय," ती म्हणाली. "पण हिरीवर गेलं की बाया भेटत व्हत्या. आता कुणीच येत न्हाई. मंग म्या बोलू कुणाशी, जाराशी?"

मी म्हटलं, माझ्याकडे जालन्याला चल. ती नुसती हसली. तिथं मी तरी कुणाशी बोलते, हे तिला ठाऊक आहे. मग तिनं विहिरीच्या पाण्याचा तांब्या माझ्यापुढं धरला आणि घेईपर्यंत हात खाली केला नाही.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून लिहिते. गावभर नको नको सांगत फिरलेली मी, तो तांब्या तळापर्यंत प्यायले. पाणी गोड होतं, दादा. आता तिला कुठल्या तोंडानं अडवू?