चकतीची चळत

१४ नोव्हें. ८८, पालघर
कॉलेजात विनायकची, आमच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याची, शोकसभा. कावीळ अंगावर काढली त्याने, भट्टीसमोर उभं राहून. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान.
सर (विभागप्रमुख, एरवी चार वाक्यं बोलत नाहीत) भरभरून बोलले. विनायकने केलेलं नवं मिश्रण द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलं की चुंबकीय क्षेत्र आमच्या जुन्या मिश्रणांच्या कांड्यांपेक्षा कितीतरी जास्त जोराने बाहेर ढकलतं. नवा अतिसंवाहक (सुपरकंडक्टर). शोधनिबंध त्याच्या नावाने छापायला जाणार.
त्याची आई दातिवऱ्याहून आलेली. जाताना माझा हात धरला. "बाय, म्हंजे माज्या पोरानं कायतरी मोटं केलं ना?"
हो म्हटलं.

२१ नोव्हें.
निबंधासाठी वि.ची मापं पुन्हा घेऊन द्यायची, हे काम माझ्याकडे. त्याच्या हातची एकच चकती उरली आहे. काळी, रुपयाएवढी, बिस्किटाहून पातळ. त्या मिश्रणाची पूड थोडीच होती, म्हणून पातळ दाबली असणार. पुन्हा करता येणार नाही. भट्टीची तार गेली, नवी कधी येईल कोण जाणे.
बोईसरहून नायट्रोजनचा कॅन आणला. रिक्षावाला सारखा मागे वळून, "मॅडम, फटेगा तो नहीं?" बेटेगावपर्यंत हेच.

२३ नोव्हें.
आकडे तंतोतंत वि.चेच. बरं वाटलं.
मग सहज, वि.ने आडवी मोजलेली चकती उभी करून पाहिली, क्षेत्र कडेच्या दिशेने. सगळा जोर गेला. उरला तो साध्या कांडीएवढाच.
तीनदा केलं. नायट्रोजन संपला.

२४ नोव्हें.
झोप नाही. जुनी सगळी मापं कांड्यांवरची. चकती फक्त वि.ची. पसरट वस्तूला वळसा घालताना क्षेत्राच्या रेषा कडेला दाटतात, चकतीवर आपण लावलेल्यापेक्षा जास्त क्षेत्र पडतं, म्हणून तीही जास्त जोराने ढकलते. मिश्रणाचा यात संबंधच नाही? नुसता आकार?
पुस्तकात आहे हे. एम.एस्सी.ला शिकलो आहोत. मी, वि., सर, सगळेच.

२५ नोव्हें.
सरांना सांगितलं. चिडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "दाबताना कण आडवे झोपतात. आडवं मोजलं की एक, उभं मोजलं की दुसरं. तो कणांचा गुण असेल, आकाराचा कशावरून?"
मुद्दा बरोबर आहे. खोडायचा तर एकच उपाय. चकतीचे बारीक चौकोन कापायचे आणि एकावर एक रचायचे. कण तसेच आडवे, क्षेत्र त्याच बाजूने, आकार मात्र उंच. तरीही जोर राहिला तर वि. जिंकला.
म्हणजे ती मोडायची.
सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू ठरव."

१ डिसें.
आठवडा काहीच केलं नाही. तास घेतले. घरी ह्यांनी विचारलं, "अगं, पण कुणाला कळणार आहे?"
कुणालाच नाही. त्याचाच त्रास.

५ डिसें.
कापली. ब्लेड लावताच ठिसूळ कड झडली, हात थांबला. मग थांबवला नाही. मागच्या बाजूला त्याच्या बोटाचा पुसट ठसा होता, तोही गेला.
चौकोनांना ग्रीस लावून चळत रचली, काड्यापेटीतल्या काडीएवढी.

६ डिसें.
कांडीएवढाच. नवं काही नाही.
काटा हलेल म्हणून किती वेळ बघत बसले. देवाला सुद्धा म्हटलं, लाज वाटली.

७ डिसें.
सर आलेख बराच वेळ बघत होते. "चांगलं काम केलंस," म्हणाले. आणि मग, "मी सभेत बोलायला नको होतं."
त्यांच्या मते हाच निबंध करायचा, आकाराचा परिणाम. चकती वि.ची, आडवी मापं त्याची, म्हणून पहिलं नाव त्याचंच. मला पटलं. खरं तर सुटल्यासारखं वाटलं.

११ डिसें.
दातिवरे. वि.ची आई, मावशी म्हणते मी तिला, अंगणात बोंबील उलटत होती. मला बसायला पाट दिला, हात धुऊन आली. कोऱ्या चहाबरोबर सगळं सांगितलं. तिला समजावं म्हणून जमिनीवर लाकडाच्या दोन चिपा ठेवल्या, एक आडवी, एक उभी. ती चिपांकडे बघत नव्हती.
"म्हंजे नवीन कायच नाय?"
"नाही. पण त्याची मापं खरी आहेत, मावशी. जगला असता तर त्यालाही हेच दिसलं असतं."
"ती चकती हाय ना तुमच्याकडं? मना द्याल?"
सांगितलं. कापली म्हणून.
 मग निबंधाचं, पहिल्या नावाचं बोलले.
"त्यानं केलं ता काय नाय, असं त्याच्याच नावानं छापनार तुमी?" ओरडली नाही. खरंच विचारत होती.
मी चिपा गोळा केल्या. निघताना म्हणाली, "इचार करून सांगते." पिशवीत सुके बोंबील घातले. नको म्हणता येईना.

१९ डिसें.
तिचा निरोप नाही. सर आज दुसऱ्यांदा विचारून गेले, पाठवायचा का.
बाकी सगळं टाइप झालं. नावांच्या ओळीत माझं आणि सरांचं आहे, त्याआधी जागा सोडली आहे. त्याचं नाव लिहूनही बघितलं, खोडूनही बघितलं. दोन्ही वेळा कागद बदलावा लागला.
रविवारी पुन्हा दातिवऱ्याला जाईन. किंवा…